भांडाराची वही

आपल्या शाळेच्या जुन्या बुद्धविहारामागे, दोन कडुनिंबांच्या मध्ये, काळ्या दगडाचे एक जोते आहे. त्यावर भिंत कधी उभी राहिली नाही. आमच्या पिढीने त्या जोत्यावर लगोरी खेळली, भांडारातली ज्वारी वाळत घातली, परीक्षेआधी पाठांतरे केली आणि पौर्णिमेच्या रात्री पूज्य भन्तेजींची प्रवचने ऐकली. हे जोते कशाचे, असा प्रश्न त्या वयात कोणालाच पडला नाही. शाळेत आल्या दिवसापासून जे दिसते ते मुलांना डोंगर-ओढ्यासारखे आपोआप असलेले वाटते. ते कोणीतरी बांधायला घेतले होते आणि कोणीतरी अर्धवट सोडले, हे कळायला बरीच वर्षे जावी लागतात.

आमच्या बाबतीत तो प्रश्न सुवर्णमहोत्सवाच्या पूर्वतयारीच्या बैठकीत पुढे आला. एक ज्येष्ठ माजी विद्यार्थी उभे राहिले आणि म्हणाले, "मुलींच्या वसतिगृहासाठी आमच्या गावाने वर्गणी काढली होती. माझ्या आईने दिली होती. त्या पैशाचे काय झाले?" सभागृह क्षणभर शांत झाले. मग मागच्या रांगेतून एक नाव उच्चारले गेले. ते नाव कालकथित भांडारप्रमुखांचे होते. त्यांना आपण सारे 'मामा' म्हणत असू.

विश्वस्त मंडळाने त्याच बैठकीत आम्हा तिघा माजी विद्यार्थ्यांवर जुन्या इमारत निधीची तपासणी सोपवली. आमच्यापैकी एकजण सनदी लेखापाल आहेत, दुसरे कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवतात आणि तिसऱ्या आयुष्मती बँकेत अधिकारी आहेत. तपासणीचा अहवाल मंडळाकडे सादर झालेला आहे आणि त्याची पुनरुक्ती इथे करायची नाही. त्या कामाने आम्हाला जे शिकवले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. आम्ही जे केले ते कायदेशीर लेखापरीक्षण नव्हते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३३ प्रमाणे आपल्या संस्थेचे हिशेब दरवर्षी सनदी लेखापालाकडून तपासून घेतले जातात, आणि कलम ३४ प्रमाणे ताळेबंद, उत्पन्न-खर्च पत्रक व अहवाल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातो. ते काम नेमलेले लेखापरीक्षक करतात. ज्या ताटात जेवलो त्या घरचे परीक्षक होण्याइतकी अलिप्तता आमच्यापाशी नव्हती, आणि हे आम्ही पहिल्याच कागदावर लिहून ठेवले. पण पद्धत मात्र आम्ही लेखापरीक्षणाचीच धरली. कारण प्रश्न पैशाचा होता, आणि त्याहून अधिक तो एका दिवंगत माणसाच्या नावाचा होता. त्यांना आता स्वतःची बाजू मांडता येणार नव्हती.

विश्वस्तांपैकी एकांनी विचारले, "वह्या कपाटात आहेत. दोन दिवसांत होईल ना?" आम्हालाही तसेच वाटले होते. कपाट उघडावे, रोजकीर्द काढावी, 'इमारत निधी' या सदराखालच्या रकमा जुळवाव्यात आणि उत्तर द्यावे. परंतु आमच्यातील सनदी लेखापालांनी कपाटाची किल्ली हातात घेऊन ती खिशात ठेवली. पहिले दोन रविवार आम्ही एकही वही उघडली नाही.

लेखापरीक्षणाची योजना म्हणजे कामाचे वेळापत्रक, असा समज सर्वत्र आढळतो. वेळापत्रक हा तिचा सर्वांत लहान भाग. भारतीय सनदी लेखापाल संस्थेच्या लेखापरीक्षण मानकांपैकी मानक ३०० हे नियोजनाविषयी आहे. त्याचा आशय आम्ही आमच्यापुरता असा समजून घेतला : संस्था कशी चालत होती हे आधी जाणा, चूक किंवा लबाडी कुठे शिरू शकते याचा अंदाज करा, आणि त्या अंदाजानुसार तपासणीचा भर कुठे द्यायचा ते ठरवा. योजना एकदा करून मिटून ठेवायची नसते. काम पुढे सरकते तशी ती बदलते, आणि बदल का केला हेही लिहावे लागते.

म्हणून आम्ही प्रथम माणसांना भेटलो. निवृत्त लिपिकांनी सांगितले की त्या काळी संस्थेचे बँकेत एकच खाते होते. इमारतीची वर्गणी, शासनाचे परिपोषण अनुदान, पालकांनी दिलेले भोजनशुल्क, सारे त्यातच जमा होई. वसतिगृहातील मुलामागे मिळणारे ते अनुदान वेळेवर येत नसे. कधी सहा महिन्यांनी, कधी वर्ष उलटल्यावर. स्वयंपाकघरात पूर्वी काम केलेल्या मावशींनी आपल्या शब्दांत तेच सांगितले : "साहेब, पैसे कागदावर असायचे अन् पीठ डब्यात नसायचं."

या दोन भेटींतून आमच्या योजनेला आकार आला. धोक्याच्या जागा तीन होत्या. वर्गणी गोळा होऊन ती वहीत पोचलीच नाही, ही पहिली. वहीत आली पण इमारतीऐवजी दुसरीकडे खर्च झाली, ही दुसरी. दुसरीकडे खर्च दाखवला पण प्रत्यक्षात तोही झाला नाही, ही तिसरी. सभागृहात जी कुजबुज झाली ती तिसऱ्या जागेविषयी होती, आणि नेमका तोच भाग तपासणे आमच्यासाठी सर्वांत कठीण होते.

याचे कारण आमचे आम्हालाच ओळखावे लागले. शाळेच्या धम्मवर्गात आपण सर्वांनी चार अगती पाठ केल्या आहेत : छंद, दोस, मोह आणि भय. आवडीपोटी, द्वेषापोटी, अज्ञानापोटी आणि भीतीपोटी माणूस आडवाटेला जातो. परीक्षेत चार गुण मिळवून देणारे ते उत्तर त्या रविवारी आमच्यासमोर जिवंत होऊन बसले. आमच्यापैकी दोघांनी त्या वर्षांत मामांच्या हातची भाकरी खाल्ली होती. तापात त्यांनी रात्रभर उशाशी बसून काढलेल्या रात्री आम्हाला आठवत होत्या. हा छंद. आमच्या आयुष्मती सहकारी नंतरच्या तुकडीच्या. त्यांच्या थोरल्या बहिणीला सातवीनंतर शाळा सोडावी लागली, कारण मुलींना राहायला जागा नव्हती. पुढे अनेक वर्षांनी वेगळ्या निधीतून मुलींच्या खोल्या झाल्या आणि धाकटीला प्रवेश मिळाला, तोवर थोरलीचे लग्न होऊन तिला दोन मुले झाली होती. "मला त्या माणसाविषयी राग आहे आणि तो मी लपवणार नाही," असे त्या स्पष्ट म्हणाल्या. हा दोस. महोत्सवाच्या तोंडावर शाळेची बदनामी होईल, हे भय तिघांनाही होते. आणि त्या काळी हिशेब कसे लिहीत, हे आम्हाला नीट ठाऊक नव्हते. हा मोह.

त्यावर आम्ही दोन उपाय केले, आणि दोन्ही योजनेच्या कागदावर नोंदवले. पहिला कामाच्या वाटपाचा. मामांच्या सहीच्या नोंदी ज्यांनी त्यांच्या हातचे खाल्ले त्यांनी एकट्याने तपासायच्या नाहीत आणि ज्यांच्या मनात राग आहे त्यांनीही एकट्याने तपासायच्या नाहीत. एकाने तपासायचे, दुसऱ्याने ते पुन्हा पाहायचे, दोघांनी तारखेसह सही करायची. दुसरा उपाय अधिक महत्त्वाचा ठरला. पुरावा पाहण्याआधीच आम्ही लिहून काढले की काय सापडले तर आरोप निराधार मानायचा, काय सापडले तर खरा मानायचा, आणि काय सापडले नाही तर 'सांगता येत नाही' असे म्हणायचे. वह्या उघडल्यानंतर हे ठरवले असते, तर प्रत्येकाने आपापल्या मनासारखी फूटपट्टी निवडली असती.

रकमेच्या मर्यादेचाही प्रश्न होता. लेखापरीक्षक प्रत्येक पैसा तपासत नाही. ज्या चुकीमुळे हिशेब वाचणाऱ्याचा निर्णय बदलू शकेल, तीच तो महत्त्वाची मानतो, आणि तशी एक मर्यादा आधी ठरवून घेतो. मात्र महत्त्व केवळ रकमेच्या आकारावर अवलंबून नसते, तिच्या स्वरूपावरही असते, हेही मानकांनी सांगितले आहे. भोजनखर्चाच्या नोंदींसाठी आम्ही एक हजार रुपयांची मर्यादा ठेवली. वर्गणीसाठी मात्र मर्यादा ठेवली नाही. पाच रुपयांची पावतीही पाहायची, असे ठरले. त्यामागे तेव्हा केवळ भावना होती. तिचे कारण पुढे एका गावात उमगले.

तिसऱ्या रविवारी कपाट उघडले. काही वह्यांना वाळवी लागली होती. पावतीपुस्तके एकूण चाळीस छापली होती. त्यांपैकी अडतीस पुस्तकांच्या स्थळप्रती मिळाल्या, दोन पुस्तके मिळाली नाहीत. अडतीस पुस्तकांची बेरीज ७४,२१५ रुपये झाली. रोजकीर्दीत इमारत निधीखाली जमा होते ७६,८६५ रुपये. म्हणजे न सापडलेल्या दोन पुस्तकांपैकी निदान २,६५० रुपये वहीत पोचले होते. त्या दोन पुस्तकांवर प्रत्यक्षात किती गोळा झाले, हे मात्र कोणालाही सांगता येणार नाही. वहीत जे आहे ते खरे का, हे तपासता येते. वहीत जे आलेच नाही ते शोधणे फार अवघड असते. हे वाक्य आम्ही जसेच्या तसे कार्यपत्रात लिहिले.

स्थळप्रतींची खातरजमा करण्यासाठी आम्ही चाळीस पावत्या निवडल्या आणि त्या गावांना गेलो. एवढ्या वर्षांनंतर मूळ पावती कोण जपून ठेवील, अशी शंका होती. तरी नऊ पावत्या मिळाल्या, आणि नवांच्या नवही रकमा स्थळप्रतींशी जुळल्या. त्यांतली एक बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरीमागे प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली होती. रक्कम पाच रुपये. ती दाखवणाऱ्या आजींनी पावती आमच्या हातात देताना विचारले, "झाली का रं पोरींची खोली?"

आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता आले नाही. आयुष्मतींनी आजींचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "नाही झाली, आजी. का नाही झाली तेच बघायला आलोय." त्या दिवशीच्या कार्यपत्रात 'पावती क्रमांक, रक्कम, जुळते' असे तीन शब्द आहेत. खाली एक ओळ आम्ही जादा लिहिली : 'देणगीदारास निधीचा हेतू आजही स्मरणात आहे.' लेखापरीक्षणाच्या भाषेत तो पुरावाच होता. हा पैसा शाळेला दिलेला नव्हता, तो पोरींच्या खोलीला दिलेला होता.

जमेची बाजू अशी लागली. खर्चाची बाजू पाहता पाया, दगड, चुना, सिमेंट आणि गवंड्यांची मजुरी मिळून ३१,४२० रुपये सहीच्या व्हाउचरांसह मिळाले. जोत्याचा हिशेब पुरा झाला. उरले ४५,४४५ रुपये. ते दोन शैक्षणिक वर्षांत चौदा वेळा काढलेले होते, आणि प्रत्येक नोंदीपुढे एकच शब्द होता : 'उचल'. सही मामांची. त्यानंतरच्या प्रत्येक ताळेबंदात एका बाजूला इमारत निधी ४५,४४५ आणि दुसऱ्या बाजूला तेवढेच भांडाराकडून येणे, असे मागील पानावरून पुढील पानावर चालत आले होते.

मधल्या वर्षांत कोणा लेखापरीक्षकाने हे पाहिले नसेल का? नोंद लपवलेली नव्हती, ती ताळेबंदातच होती. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे लेखापरीक्षकाला अहवालात काही ठरावीक प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. न्यासाचा पैसा न्यासाच्या उद्दिष्टाबाहेर वापरला गेला का, हा त्यांतलाच एक. मुलांना जेवू घालणे हे आपल्या न्यासाचे उद्दिष्टच आहे, त्यामुळे त्या प्रश्नाचे 'नाही' हे उत्तर चुकीचे नव्हते. पाच रुपये देणाऱ्या आजींच्या मनात काय होते, हे विचारणारा प्रश्न त्या यादीत नव्हता. त्या काळच्या लेखापरीक्षकांच्या फायलीही आता मिळणे शक्य नव्हते. अशा फायली अहवालाच्या तारखेपासून किमान सात वर्षे जपाव्यात, असा आजचा दंडक आहे. आमचा प्रश्न त्याहून किती तरी जुना होता.

चौदा उचलींचा माग काढण्यासाठी भांडाराची साठा नोंदवही हाच एक रस्ता उरला. ती जाड, लाल कापडी बांधणीची वही वाळवीने कडेला खाल्ली होती. मामांचे शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर मोठे आणि एकेक जोडलेले. आले किती, गेले किती, उरले किती. आम्ही ती वही हजेरीपटाशी ताडून पाहिली. एका महिन्यात हजेरी ११२ मुलांची. ज्वारी, तांदूळ आणि डाळ मिळून मुलामागे रोज साडेचारशे ग्रॅम धरले, तर दिवसाला ५० किलो ४०० ग्रॅम, आणि तीस दिवसांचे १५ क्विंटल १२ किलो धान्य लागते. वहीत त्या महिन्याचा खर्च १४ क्विंटल ८० किलो होता. मुले सणावाराला घरी जात, हे ध्यानात घेतले तर आकडा रास्त होता. आम्ही सात महिने असे ताडून पाहिले, आणि सातही महिन्यांत धान्य पोरांच्या पोटात गेल्याचेच दिसले.

पाने उलटताना आमच्या आयुष्मती एका जागी थांबल्या. धान्याच्या आवकेशेजारी, समासात, मामांनी शिसपेन्सिलीने लिहिले होते : 'अनुदान नाही. इमारतीतून.' खाली तारीख. रोजकीर्दीतील उचलीचीच ती तारीख होती. पुढे तशीच दुसरी नोंद, तिसरी, चौथी. चौदांपैकी बारा उचलींसमोर समासात ती नोंद होती, आणि बाराही ठिकाणी धान्य दुकानाची बिले फायलीत मिळाली. एकूण ४१,९६० रुपये. चौथी शिकलेल्या माणसाला कोणी सांगितले नव्हते की खर्चाचा उगम लिहावा, एका वहीचा दुसऱ्या वहीशी सांधा ठेवावा. त्यांनी तो ठेवला होता. आयुष्मतींनी वही मिटली नाही. थोडा वेळ त्या तशाच बसून राहिल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या बहिणीची खोली तुम्ही जेवलात."

ते खरे होते. आमच्यापैकी दोघांची नावे त्या महिन्यांच्या हजेरीपटावर आहेत. पैसे चोरीला गेले नव्हते. त्या पैशाने भूक भागली होती, आणि त्याच पैशाने एका मुलीची शाळा सुटली होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. अहवालात एक लिहून दुसरी गाळणे सोपे होते आणि अप्रामाणिकही होते.

दोन उचली उरल्या होत्या. रक्कम ३,४८५ रुपये. समासात नोंद नाही, बिल नाही. रात्री उशीर झाला होता. आमच्यातील एकजण म्हणाले, "बारांचे सापडले, दोनांचेही धान्यच असणार. 'बहुधा धान्यासाठी' असे लिहून टाकू." हे म्हणणारे मामांच्या हातचे खाल्लेले होते. तेव्हा आयुष्मतींनी योजनेचा तो पहिला कागद काढून समोर ठेवला. 'काय सापडले नाही तर सांगता येत नाही असे म्हणायचे.' खाली तिघांच्याही सह्या होत्या. आम्ही ३,४८५ रुपयांपुढे लिहिले : 'विनियोगाचा पुरावा उपलब्ध नाही. गैरव्यवहाराचाही पुरावा उपलब्ध नाही.' ज्यांच्या मनात राग होता त्यांनीच दुसरे वाक्य घालायला लावले, हे इथे नमूद करणे आम्हाला आवश्यक वाटते.

मामांच्या कन्या जवळच्याच गावी असतात. अहवालाआधी आम्ही त्यांना भेटलो. सभेत काय बोलले गेले ते त्यांच्यापर्यंत पोचले होते. चहा झाल्यावर त्या म्हणाल्या, "दादा, जे निघालं ते सगळं लिहा. चांगलं तेवढंच लिहिलं तर लोक म्हणतील, जेवलेल्या पोरांनी बाजू घेतली. मग माझ्या बापाचं नाव कधीच साफ व्हायचं नाही." कागदपत्रांचे महत्त्व सांगणारी पुष्कळ व्याख्याने आम्ही ऐकली आहेत. इतके स्पष्ट कोणी बोलले नव्हते.

दस्तऐवजीकरणाविषयीच्या मानक २३० मध्ये एक कसोटी आहे. त्या कामाशी पूर्वी काहीही संबंध नसलेल्या जाणत्या लेखापरीक्षकाने फाइल उघडली, तर काय तपासले, केव्हा तपासले, किती तपासले, काय आढळले आणि निष्कर्ष कसा काढला, हे त्याला कागदावरूनच कळले पाहिजे. लेखापरीक्षकाने केवळ तोंडी दिलेले स्पष्टीकरण पुरेसे आधार मानले जात नाही. आम्ही फायलीचे विभाग पाडले : संस्थेची माहिती, योजना, पावतीपुस्तके, रोजकीर्द, भांडार, भेटींची टिपणे आणि निष्कर्ष. प्रत्येक पानाला क्रमांक दिला. बिल पाहिले तिथे लाल खूण, रोजकीर्दीशी जुळले तिथे हिरवी, हजेरीपटाशी ताडले तिथे निळी, आणि खुणांचा अर्थ पहिल्या पानावर. कोणत्या पानाचा आधार कोणत्या पानावर आहे, ते समासात. समासात लिहिण्याची ही रीत आम्ही पुस्तकातून शिकलो होतो, पण त्या दिवसांत पेन्सिल हातात घेताना लाल बांधणीची वहीच डोळ्यांपुढे येई.

अहवालावर सह्या झाल्यापासून साठ दिवसांच्या आत फाइल जुळवून बंद करावी, अशी रीत आहे. बंद झाल्यावर त्यातले पान काढता येत नाही. नवे काही घालायचे असल्यास ते कोणी, केव्हा आणि का घातले, हे लिहावे लागते. आमची फाइल बंद झाल्यानंतर स्वयंपाकघरातील मावशींनी नातवाकडून एक पत्र लिहवून पाठवले. आठवडी बाजारात मामा कधी कधी रोख देऊन बिलाविना धान्य घेत, असे त्यात होते. आम्ही ते पत्र तारखेसह फायलीत जोडले. आधीचे एकही पान बदलले नाही, निष्कर्षही बदलला नाही. मावशींचे सांगणे खरे असेल. त्या दोन उचलींचेच ते सांगणे आहे, असे म्हणायला मात्र आधार नव्हता.

काम संपल्यावर आमच्यापैकी एकांनी विनयपिटकातला महावग्ग काढून वाचला. त्यातील चीवरक्खंधकात एक प्रसंग आहे. दानात आलेली चीवरे ठेवायला जागा नव्हती, त्यांना उंदीर आणि वाळवी लागत असे. तेव्हा तथागतांनी संघाला भांडार ठेवण्याची अनुज्ञा दिली, आणि भांडार सांभाळणारा भिक्खू कसा असावा हेही सांगितले. जो छंद, दोस, मोह आणि भय यांच्या आहारी जात नाही, आणि काय राखले आहे व काय राखलेले नाही हे जो जाणतो, असा. चार गुण मनाचे आणि पाचवा नोंदीचा. पहिले चार असून पाचवा नसेल, तर भला माणूसही मरणोत्तर संशयात सापडतो. पाचवा असून पहिले चार नसतील, तर नोंदी असूनही न्याय होत नाही. मामांपाशी पाचवा गुण बारा वेळा होता, दोन वेळा नव्हता. त्या दोन वेळांचे ओझे त्यांच्या कन्येने इतकी वर्षे वाहिले.

आणि एक दोष मामांचा नव्हता. इमारतीचा पैसा भोजनासाठी वापरण्याचा ठराव इतिवृत्तात कुठेही नाही. अनुदान आल्यावर तो परत करण्याचाही नाही. तो निर्णय घेणे विश्वस्तांचे काम होते. पीठ संपलेल्या सकाळी तो एकट्या भांडारप्रमुखावर सोडला गेला. बोधिसत्त्व बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले, तेव्हापासून आपल्या समाजातील वसतिगृहे गरिबांच्या वर्गणीवर उभी आहेत. अशा पैशाचा हेतू बदलायचा असेल तर तो उघडपणे, ठराव करून आणि देणाऱ्याला सांगून बदलला पाहिजे. न सांगता बदलला, तर हेतू चांगला असूनही देणाऱ्याची फसवणूक होते.

आम्ही शिफारस केली की ४५,४४५ रुपयांची नोंद 'जुनी बाब' म्हणून निर्लेखित करू नये. ते ज्या कामासाठी दिले होते, त्या कामाचे देणे म्हणून ती ताळेबंदात राहावी आणि फेडली जावी. विश्वस्त मंडळाने ती मान्य केली असून त्या जोत्यावर मुलींसाठी अभ्यासिका बांधण्याचा ठराव झाला आहे. आजींकडे जाऊन ते सांगण्याचे काम आमच्या आयुष्मतींनी मागून घेतले.

फाइल शाळेच्या कार्यालयात आहे. विश्वस्तांच्या अनुमतीने ती कोणाही माजी विद्यार्थ्याला पाहता येईल. 'एहिपस्सिको' हा शब्द आपण रोज वंदनेत म्हणतो. या, आणि पाहा. भांडार विभागातील अकराव्या पानावर त्या दोन वर्षांचा हजेरीपट आहे. ज्या महिन्यात हजेरी ११२ होती, त्या महिन्यातली ११२ नावे तिथे आहेत. आमची दोन नावे तिथे आहेत आणि त्यांच्यापुढे आम्ही आमचा वाटा जमा केल्याच्या पावतीचा क्रमांक लिहिला आहे. बाकीच्या नावांपुढची जागा आम्ही कोरी ठेवली आहे.